कुंपण कुणासाठी

१२ फेब्रुवारी

विहीणबाई,

पत्र पाहून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण माझा फोन कानाला लावला तरी शेजारच्या खोलीत ऐकू जातो आणि शेजारच्या खोलीत तुमची लेक असते. लिहायचं आहे ते तिच्याबद्दलच.

आमच्या नव्या घरामागे पोहण्याचा जुना हौद आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चिरंजीव त्याला पूल म्हणतात. मी म्हटलं, पूल पाण्यावरून जायला असतो, हा कसला पाण्यात जायचा पूल! असो. हौदाला नवी फरशी बसली, पाणी अजून सोडलेलं नाही. आता त्याच्या भोवतीनं लाकडी डेक करायचा आहे, आणि त्या डेकनं घराची झोप उडवली आहे.

सुरुवातीला दोघांचं एकमत होतं. मागच्या दारासमोर बारा फुटांचा वरचा टप्पा, तिथे जेवायचं टेबल. मग तीन पायऱ्या उतरून खालचा टप्पा, थेट हौदाच्या काठापर्यंत, तिथे आरामखुर्च्या. बाकी सगळं मोकळं. एका रविवारी आम्ही सुतळी आणि विटा घेऊन गवतावर आखणीसुद्धा केली. मी जन्मभर शिवणाचे क्लास घेतलेली बाई, टेप माझ्या गळ्यातच असते. चिरंजीवांना खुर्चीवर बसवलं, खुर्ची मागे सरकवायला लावली आणि सांगितलं, टेबलामागे तीन फूट तरी सोड, नाहीतर पाहुणा जेवून उठेल तो पायऱ्यांवरून गडगडत हौदात जाईल. तिघंही पोट धरून हसलो.

आणि गेल्या महिन्यापासून सूनबाईंचा सूरच बदलला. पायऱ्या नकोत, सगळं एका पातळीत हवं. हौदाभोवती छातीएवढं कुंपण हवं, दोन गजांमधली फट चार बोटांपेक्षा जास्त नको, फाटक आपोआप मिटणारं, खिट्टी उंचावर. कुंपणाजवळ साधी कुंडीसुद्धा ठेवायची नाही म्हणे. चिरंजीव म्हणाले, "अगं, डेक बांधतोय की तुरुंग?" ती तडक उठून गेली.

आता तुम्हीच सांगा. घरात माणसं तीन. कुत्रं नाही, मांजर नाही. मग कुंपण कुणासाठी? तिघांतली दोघं तरुण आणि धडधाकट. राहिलं कोण?

मनाला लागलं, म्हणून लिहिलं. आडून आडून विचारून बघा, माझं काही चुकलं का.

तुमच्या जावयाची आई

२१ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र लाँड्रीच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. धुवायला आलेल्या कोटांच्या ढिगाआड उभी राहून दोनदा वाचलं.

तुमचं काही चुकलेलं नाही, हे आधी मनातून काढून टाका. ती तुमच्याबद्दल कधी वावगं बोलत नाही. उलट मी काही सुचवायला गेले की "आईंना विचारते" असं ऐकावं लागतं, आणि खरं सांगते, मला ते थोडं झोंबतं.

कुंपणाचं म्हणाल तर त्यात तुम्ही कुठेच नाही. तिला लहानपणापासून पाण्याची भीती आहे. सांगायला लाज वाटते, म्हणून गप्प बसते. तुम्हीही विषय काढू नका. एका पातळीचा डेक आणि कुंपण, तिला हवं तसं करून टाका. माझ्यासाठी म्हणून करा. पायऱ्या असल्या काय आणि नसल्या काय?

एक विचारू का? तुमच्या ओळी कशा टेप लावून आखल्यासारख्या असायच्या. या वेळी त्या खाली घसरल्यात, आणि दोन ठिकाणी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. रागात लिहिलंत का?

तुमच्या सुनेची आई

३ मार्च

विहीणबाई,

पाण्याची भीती! अहो, आमच्या जिन्याजवळच्या कपाटात तुमच्या लेकीची दोन पदकं आहेत, कॉलेजातल्या पोहण्याच्या शर्यतींची. लग्नानंतर तुम्हीच ती पार्सलनं पाठवलीत. थाप मारायची तर जरा टिकाऊ तरी मारायची!

म्हणजे मायलेकींचं माझ्याबद्दल बोलणं झालेलं आहे. तुम्ही माझी समजूत घालताय. मग मीच सांगते, म्हणजे तुम्हाला आणखी थापा माराव्या लागणार नाहीत.

माझे डोळे जातायत. काचबिंदू आहे. समोरचं अजून स्वच्छ दिसतं, कडेचं दिसत नाही. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते, पण सुई खाली ठेवली की सापडत नाही. ओळ लिहिताना आधीची ओळ कुठे गेली ते कळत नाही, म्हणून त्या एकमेकींवर चढतात. मी एकटीच डॉक्टरकडे जाऊन आले. ते म्हणाले, गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते राखायचं. न्हाणीघराचं दार लावून औषधाचे थेंब घालते. कपाटाचं उघडं दार कपाळावर आदळलं तेव्हा घाईत लागलं म्हणाले. चहा कपाबाहेर ओतला तेव्हा किटलीला नावं ठेवली.

सूनबाईंनी हे सगळं हेरलं असणार. म्हणून पायऱ्या नकोत, म्हणून कुंपण. आज हौदाला कुंपण, उद्या जिन्याला फाटक, परवा माझ्यावर लक्ष ठेवायला एखादी बाई. मी स्वतःच्या हातानं संसार उभा केला, विहीणबाई. मला चार बोटांच्या फटीतून जगाकडे बघायचं नाही.

तेव्हा गेल्या रविवारी सुतार शेवटचं विचारायला आला, तर मी म्हटलं, "पायऱ्या हव्यातच. दोन टप्प्यांशिवाय त्याला शोभा नाही." चिरंजीव खूश. सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आई, तुम्हीसुद्धा?" बस, एवढंच. कुंपणाचा विषय पाणी सोडल्यावर बघू असं ठरलं. काम सुरू झालं आहे.

डोळ्यांचं कुणाकडे बोलाल तर माझी शपथ आहे.

तुमच्या जावयाची आई

१८ मार्च

विहीणबाई,

तुम्ही शपथ घातलीत आणि मला बांधून ठेवलंत. इतके दिवस पत्र लिहायला घेत होते आणि फाडत होते. काल एका गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

पाण्याच्या भीतीची थाप होती, कबूल. पण आता लिहिते त्यात तसूभरही खोटं नाही. माझ्या लेकीला तुमच्या डोळ्यांबद्दल काहीही माहीत नाही. कुंपण तुमच्यासाठी नाही. ते कुणासाठी आहे हे मला ठाऊक आहे, पण तिनंही मला शपथ घातली आहे, अगदी तुमच्यासारखीच. तुम्हा दोघींच्या शपथांमध्ये मी इस्त्रीखालच्या कॉलरसारखी भाजून निघतेय.

तुम्ही लिहिलंत, घरात माणसं तीन. विहीणबाई, पुन्हा एकदा मोजा.

मागच्या दोन्ही वेळी काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलं आहे. दोन्ही वेळा जावयांनी लगेच खोली रंगवायला घेतली होती, आणि मग तिला त्या अर्धवट रंगलेल्या भिंतीसमोरून जा-ये करावी लागली. म्हणून या वेळी तिनं त्यांनाही सांगितलेलं नाही. मागे दोन्ही वेळा ज्या महिन्यात घात झाला, तो महिना उलटू दे, मग सांगेन म्हणते. तोवर ती फक्त कुंपणाचं बोलते. दुसरं काही तिच्या हातात नाही, म्हणून तेवढंच धरून बसली आहे.

तिला काही विचारू नका. पण पायऱ्या थांबवा, आजच थांबवा. तिच्यासाठी, तुमच्यासाठी, कुणासाठीही म्हणा.

तुमच्या सुनेची आई

१ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. तुमचा फोन लागत नाही. आठवडा झाला, लेकीचा रोज एकच निरोप येतो, "कामात आहे गं, नंतर बोलते." जावई फोन उचलत नाहीत, आणि उचलला तेव्हा "सगळं ठीक आहे" म्हणाले. ज्या आवाजात म्हणाले, त्यावरून काहीच ठीक नाही हे कळलं.

मी काही जास्त बोलले का? माझ्या पत्रामुळे तिथे काही झालं का? एक ओळ लिहा. वाकडी असली, एकमेकींवर चढलेली असली तरी चालेल, पण लिहा.

तुमच्या सुनेची आई

४ एप्रिल

विहीणबाई,

आधी हे वाचा. बाळ आहे. आज सकाळी तपासलं तेव्हा होतं. त्यापुढचं डॉक्टरही सांगत नाहीत.

तुमची लेक आणि मी एकाच इस्पितळात आहोत, ती तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. माझा डावा हात प्लास्टरमध्ये आहे, उजव्यानं लिहितेय. तुम्हाला कळवायचं नाही असं तिनं बजावलं होतं. म्हणाली, आई धावत येईल, तिला बघितलं की मला रडू फुटेल, आणि डॉक्टरांनी तर शांत पडून राहायला सांगितलंय. पण तुमचं एक तारखेचं पत्र चिरंजीवांनी आज मला आणून दिलं आणि मला राहवलं नाही. माझा फोन त्या दिवशी हौदात पडून फुटला. सुतार तुमच्या बाजूला लाकूड आणायला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते.

झालं ते असं. तुमचं अठरा तारखेचं पत्र दुपारी आलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून वाचलं. पुन्हा मोजा, म्हणालात. मी मोजलं. आणि विहीणबाई, मला इतका आनंद झाला की पत्र हातात घेऊन तशीच मागच्या दारानं बाहेर धावले. सुताराला ओरडून थांबवायचं, एवढंच डोक्यात होतं. पायऱ्या त्यानं सकाळीच बसवल्या होत्या. वरच्या फळ्या आणि खालच्या फळ्या एकाच रंगाच्या, त्यावर भरदुपारचं ऊन. जिथे जमीन आहे असं वाटलं तिथे पाय टाकला आणि तिथे काहीच नव्हतं.

खालच्या टप्प्यावर आपटले. हात अंगाखाली आला, डोकं हौदाच्या काठाबाहेर. खाली कोरडी फरशी दिसत होती. सूनबाई वरच्या खिडकीतून बघत होत्या. त्या धावत आल्या, माझ्या काखेत हात घातले आणि मला उचलायला लागल्या. मी काही हलकी नाही. मी ओरडले, "सोड! सोड मला, उचलू नकोस!"

"अहो आई, पडाल आत!"

"पडू दे! तुला उचलायचं नाही, कळत नाही का तुला?"

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं, मला ओढून काठापासून मागे घेतलं, आणि मग पायरीवर बसून पोट धरलं. सुतारानं आम्हा दोघींना त्याच्या गाडीत घातलं, फळ्यांच्या मध्येच. सबंध रस्ताभर मी फळ्यांना टेकून होते. तिनं माझा चांगला हात मात्र सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच मोजलं."

तेव्हा तुमच्या शपथेची काळजी करू नका.

"आणि तुम्ही पडलात कशा? पायऱ्या तर तुम्हालाच हव्या होत्या."

मग मी डोळ्यांचं सांगितलं, थेंबांपासून किटलीपर्यंत सगळं. ती उठून बसायला लागली, तिला दटावून झोपवलं. आणि मग तिनं जे सांगितलं ते माझ्या काळजातून जात नाही. म्हणाली, "मी तुमच्या बाजूला येऊन उभी राहायचे, हसायचे, पण तुम्ही मान वळवायचा नाहीत. मला वाटायचं, माझं दोनदा असं झालं म्हणून तुम्ही तोंड फिरवलंत."

विहीणबाई, ती बाजूला उभी असायची आणि मला दिसायचीच नाही. मी समजत होते, ती माझ्यावर नजर ठेवून आहे. ती बिचारी समजत होती, मी तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

चिरंजीवांना दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी कळल्या. ते बाहेरच्या बाकावर बसून होते. "तुम्ही दोघींनी मला काहीच कसं सांगितलं नाही?" असं एकदाच म्हणाले.

तुम्ही या. दुकान बंद ठेवा आणि या. ती रडली तर रडू दे.

तुमच्या जावयाची आई

१४ मे

विहीणबाई,

पोहोचले. कपड्यांचा डोंगर साचला होता आणि दाराशी गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करून उभी होती, त्यामुळे पत्राला उशीर झाला.

तिकडे असताना बोलता आलं नाही ते लिहिते. मी आले त्या सकाळी जावई परसात एकटेच पहार घेऊन पायऱ्या उखडत होते. सुतार सांगत होता, "साहेब, खिळे काढून देतो, लाकूड तरी वाचेल." त्यांनी ऐकलं नाही. एकेक फळी तडातडा मोडली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. एवढा शांत माणूस, पण त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली. मग ते त्याच फळ्यांवर बसले, आणि मी चहाचा कप त्यांच्या शेजारी ठेवून आत आले.

लेक पलंगावर पडल्या पडल्या नकाशे काढत होती, ते तुम्ही पाहिलेत. सगळा डेक एका पातळीत, घराच्या बाजूला दहा फूट रुंद, बाकी तिन्ही बाजूंना चार फूट, म्हणजे दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता जातील. काठाच्या अलीकडे सगळीकडून वीतभर रुंदीची काळी पट्टी. ती पट्टी तिचीच कल्पना. मी विचारलं, "ही कशाला?" तर म्हणाली, "आईंना समोरचं स्वच्छ दिसतं ना, मग काठच समोर आणून ठेवायचा." डेक पुरा झाल्यावर जावयांनी तुम्हाला त्यावरून चालवून बघितलं तेव्हा तुम्ही पट्टीपाशी बरोब्बर थांबलात आणि म्हणालात, "इथे शिवण आहे." मी पडद्याआड उभी राहून डोळे पुसले, हे आता सांगते.

धोका टळला असं कुणीच म्हणत नाही. डॉक्टरीण फक्त म्हणते, बघू, पडून राहू दे. फोन वाजला की माझ्या हातातली इस्त्री आधी खाली जाते. तुम्ही रोज तिच्याजवळ बसता म्हणून मी इथे निदान झोपू तरी शकते. थेंब घालताय ना? आता दार लावून घालायची गरज नाही.

तुमच्या सुनेची आई

२० सप्टेंबर

विहीणबाई,

तुम्ही गेल्यापासून घर सुनं झालं आहे, पण शांत मुळीच नाही. तुमची नात दिवसभर झोपते आणि रात्री आम्हाला कुणालाच झोपू देत नाही. ठरल्या दिवसाच्या बऱ्याच आधी आली. काचेच्या पेटीत होती तेव्हा मुठीएवढी दिसायची. आता गाल भरलेत. श्वास अजून मध्येच भराभर चालतो, मग आम्ही तिघंही तिच्या छातीकडे बघत बसतो. हे असं किती दिवस चालणार, मी डॉक्टरिणीला विचारलं. ती हसली, म्हणाली, "आता जन्मभर."

माझ्या डोळ्यांचं म्हणाल तर मागच्या तपासणीत आणखी थोडं गेलं आहे. तिचा चेहरा मला जवळून एकदम दिसत नाही. आधी एक डोळा, मग नाक, मग हनुवटी, असा तुकड्यातुकड्यांनी बघते आणि मनात जोडून घेते. कापड बेतलेली बाई आहे मी, जोडणं जमतं.

काल संध्याकाळचं सांगायला हे पत्र. हौदात पाणी सोडून आठवडा झाला होता, पण कुणी उतरलं नव्हतं. चिरंजीव कामावरून यायचे होते. सूनबाई बाळाला घेऊन कुंपणाच्या आत आल्या, फाटक मिटलं, खिट्टी लागल्याचा आवाज मी ऐकला. मी खुर्चीत बसले होते. त्या समोर आल्या. हल्ली त्या बाजूनं येत नाहीत, समोरूनच येतात.

"आई, हिला जरा धरता? डॉक्टरीण पोहायला हरकत नाही म्हणालीय. एक चक्कर मारून येते."

जी बाई कुंपणाजवळ कुंडी ठेवू देत नव्हती, ती पाण्यापासून चार पावलांवर, मला, माझ्या मांडीवर मूल देतेय. मी म्हटलं, "अगं, मला नीट दिसत नाही."

"माहीत आहे," म्हणाली, आणि ठेवलं.

मी दोन्ही हातांनी धरलं. डाव्या मनगटात अजून कळ येते, ती आली तरी हललेसुद्धा नाही. मला एका वेळी एकच काहीतरी दिसतं. हौदाकडे बघितलं की बाळ नाहीसं होतं, बाळाकडे बघितलं की तुमची लेक. म्हणून मी बाळाकडे बघत राहिले आणि तिला कानांनी ऐकत राहिले. हात पाण्यावर पडत होते, एकसारखे, दूर जात होते. काय सुंदर आवाज असतो तो, मला ठाऊक नव्हतं.

आणि मग दूरच्या टोकाला आवाज थांबला.

मी वाट बघितली. पाणी गप्प. माझ्या मांडीवर बाळ, उठता येईना, बघता येईना. मी तिच्या नावानं एवढ्या जोरात ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं.

"आहे, आई! इथेच आहे! दम घेत होते!"

मग ती पुन्हा पोहायला लागली. आणि तेव्हापासून प्रत्येक फेरीला, या टोकाला किंवा त्या टोकाला काठाला हात लागला, की ती तिथूनच सांगायची, "आहे." बाळ रडायचं थांबलं. अंधारून आलं तरी तिनं पोहणं थांबवलं नाही, आणि मीही तिला थांब म्हटलं नाही.

तुमच्या जावयाची आई